खडक लागला तर कुणाच्या खिशातून?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. आम्ही तिघे भाऊबंद मिळून नदीवरून पाइपलाइन टाकतोय. दादांचं (थोरले चुलतभाऊ) चार एकर मळीत, नदीपासून ३०० मीटरवर. माझं अडीच एकर ७०० मीटरवर. आप्पांचं (चुलते) दीड एकर पार माळाला, १२०० मीटरवर. ठेकेदार पक्का आकडा देत नाही. चर काढताना मुरूम लागला तर स्वस्तात होईल, काळा पाषाण लागला तर ब्रेकर लावावा लागेल, म्हणतो. त्याचा अंदाज असा : नदी ते दादा १ लाख २० हजार ते दीड लाख, दादा ते मी १ लाख ते १ लाख ६० हजार, मी ते आप्पा १ लाख १० हजार ते २ लाख. पाणी पाळीनं घेणार, त्यामुळं पाइप सगळीकडं एकाच मापाचा. आमच्याकडं खर्च एकरी वाटतात. ते ऐकल्यावर दादा म्हणाले, "मग मी माझी वेगळी लाइन टाकतो." भाऊबंदकीत वितुष्ट नको. काय करावं?

उत्तर : दादांवर रागावू नका. तुमच्या पत्रातलेच आकडे मांडून बघा. तिघांचं एकूण ३ लाख ३० हजार ते ५ लाख १० हजार. आठ एकरांतले चार दादांचे, म्हणजे निम्मा खर्च त्यांचा : सगळीकडं मुरूम लागला तरी १ लाख ६५ हजार. एकट्यानं टाकली तर त्यांना जास्तीत जास्त दीड लाख पडतात. मग त्यांनी तुमच्यात का राहावं? आप्पांना मात्र एकरी हिशेबानं कितीही पाषाण लागला तरी ९६ हजारांच्या वर द्यावे लागत नाहीत, आणि त्यांच्या एकट्यासाठीचा शेवटचा टप्पाच किमान १ लाख १० हजारांचा! एकरी वाटणी विजेच्या बिलाला किंवा पाळीच्या तासांना एक वेळ चालेल. पाइपला एकर कळत नाही, मीटर कळतात.

"मग तीन सारखे भाग करू," असं कुणीतरी म्हणेलच. ही वाटणी फसवी आहे. मुरूम लागला तर दादांचे १ लाख १० हजार, म्हणजे एकट्याच्या १ लाख २० हजारांपेक्षा दहा हजार वाचले. पाषाण लागला तर १ लाख ७० हजार, म्हणजे एकट्याच्या दीड लाखापेक्षा वीस हजार जास्त. एका टोकाला गोड लागणारी वाटणी दुसऱ्या टोकाला कडू होते, म्हणून अंदाजाचा नुसता मधला आकडा धरून बोलणी करू नयेत.

आता माझं उत्तर. नदी ते दादा हा टप्पा तिघांनाही लागतो, तो तिघांत सारखा. दादा ते तुम्ही हा तुमच्यात आणि आप्पांत निम्मा-निम्मा. शेवटचा सगळा आप्पांचा. दादांवर येतील ४० ते ५० हजार, तुमच्यावर ९० हजार ते १ लाख ३० हजार, आप्पांवर २ लाख ते ३ लाख ३० हजार. आप्पांना आकडा मोठा वाटेल, पण एकट्यानं टाकली तर त्यांना ३ लाख ३० हजार ते ५ लाख १० हजार मोजावे लागतील, हे त्यांच्यासमोर कागदावर मांडा. आणि दादा खरंच बाहेर पडले, तर पहिला टप्पा तिघांऐवजी दोघांत : तुमचं नि आप्पांचं प्रत्येकी २० ते २५ हजारांचं नुकसान. दादांची गरज तुम्हाला आहे.

ही वाटणी माझ्या मनची नाही. लॉइड शॅप्ली या अमेरिकी गणितज्ञानं १९५३ साली तिचं मूळ सूत्र मांडलं. २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल ज्या दोघांना मिळालं त्यांतले ते एक. समजायला सोपं आहे. तिघे एकामागून एक नदीवर आलात असं समजा. येईल त्यानं आपल्या शेतापर्यंत जेवढी लाइन अजून टाकायची राहिली असेल तेवढ्याचे पैसे भरायचे. येण्याचे क्रम सहा. त्यांतल्या दोन क्रमांत दादा पहिले येतात आणि पहिला टप्पा भरतात. उरलेल्या चारांत लाइन आधीच त्यांच्या बांधावरून गेलेली असते, त्यांना काहीच पडत नाही. सहा क्रमांची सरासरी काढा, दादांवर पहिल्या टप्प्याचा एक तृतीयांश येतो. तुमचा नि आप्पांचा हिशेब संध्याकाळी कट्ट्यावर बसून स्वतः करा, पटेल. पुढं १९७३ मध्ये लिटलचाइल्ड आणि ओवेन या दोघांनी दाखवलं की विमानतळाच्या धावपट्टीचा खर्चही याच सूत्रानं टप्प्याटप्प्यानं वाटता येतो. लहान विमानाला आखूड पट्टी पुरते, मोठ्याला लांब लागते. तुमचे दादा म्हणजे लहान विमान!

खडकाचं काय, हा खरा प्रश्न. आमच्या वडिलांची विहीर सामाईक होती, आमचा हिस्सा चार आणे. खोल करायची ठरली तेव्हा तोंडी रक्कम ठरली. खाली पाषाण लागला, सुरुंग लावावे लागले, खर्च फुगला. एक वाटेकरी म्हणाला, "बोललो होतो तेवढे दिले." वाढीव पैसे वडिलांनी म्हैस विकून भागवले. पुढं तीस वर्षं मी सहकारी पाणीपुरवठा संस्थांची दप्तरं तपासली, पण कुठल्याही दप्तरावर 'अंदाजे' हा शब्द दिसला की मला ती म्हैस आठवायची.

म्हणून करारात आकडा लिहू नका, टप्प्यांचा नियम लिहा. चर किती मीटर आणि ब्रेकर किती तास चालला, याची टप्प्यावार नोंद वहीत ठेवा, रोज संध्याकाळी तिघांची सही. ठेकेदारानं एकरकमी बिल दिलं तर? समजा ४ लाख ५६ हजार आले. किमान अंदाजापेक्षा १ लाख २६ हजार जास्त. अंदाजाची पूर्ण रुंदी, म्हणजे कमाल आणि किमान यांतला फरक, १ लाख ८० हजार. म्हणजे रुंदीचा सत्तर टक्के भाग खर्ची पडला. प्रत्येकानं आपल्या किमान आकड्यावर आपल्या रुंदीचे सत्तर टक्के चढवायचे : दादा ४७ हजार, तुम्ही १ लाख १८ हजार, आप्पा २ लाख ९१ हजार. बेरीज जुळते.

असे 'इतके ते इतके' आकडे घेऊन वाटणी करण्यावर अभ्यासकांनीही काम केलंय. २००३ मध्ये ब्रान्झेई, दिमित्रोव्ह आणि टाइस यांनी दिवाळखोरीच्या वाटणीला (दिवाळं निघालेल्याची शिल्लक मालमत्ता देणेकऱ्यांत वाटायला) शॅप्लींची पद्धत अशाच पल्ल्यांनिशी लावली. त्या हिशेबात एक खोडी आहे. एकूणातून पहिल्या दोन टप्प्यांचा खर्च (२ लाख २० हजार ते ३ लाख १० हजार) वजा करून आप्पांचा टप्पा काढायला गेलात आणि लहान आकड्यातून मोठा, मोठ्यातून लहान असं वजा केलंत, तर २० हजार ते २ लाख ९० हजार असं भलतंच उत्तर येतं. खरं उत्तर १ लाख १० हजार ते २ लाख. दोन्ही बेरजांत पहिल्या दोन टप्प्यांचा खडक एकच आहे. तो एकदा मुरूम आणि एकदा पाषाण धरता येत नाही. किमानातून किमान, कमालातून कमाल वजा करा.

मोटार, जॅकवेल (मोटारीला पाणी पुरवणारी नदीकाठची विहीर) आणि पाटबंधारे खात्याच्या परवानगीचा खर्च तिघांत सारखा ठेवा. विजेचं बिल पाळीच्या तासांवर. आणि करारात एक कलम आत्ताच घाला : उद्या कुणी चौथा मधूनच जोड मागायला आला, तर त्याचा वाटा याच नियमानं काढायचा आणि ते पैसे त्या टप्प्याचे भागीदार आहेत त्यांना परत द्यायचे. माळाकडं लाइन गेली की चौथा येतोच.