सॉफ्टवेअर येईल तेव्हा येईल, आधी मेकअप पाण्याचा आकडा बघा

प्रश्न थोडक्यात असा: २१० मेगावॉटचा कोळशावरचा जुना संच आहे, व्यवस्थापन बिघाडाची आगाऊ सूचना देणारं सॉफ्टवेअर घ्यायच्या विचारात आहे. त्याने खरंच काही आधी कळतं, की डेस्कवर अलार्मची आणखी एक खिडकी वाढते? ते येईपर्यंत शिफ्टमध्ये काय बघायचं? आणि जनरेटर ट्रान्सफॉर्मरला ऑनलाइन गॅस मॉनिटर (तेलात विरघळलेले वायू सतत मोजणारं यंत्र) लावावा का? मी आधी ऑपरेशनला होतो, नंतर बरीच वर्षं कंडिशन मॉनिटरिंगला. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

आधी कळतं, पण अलार्मवरून नाही. अलार्म वाजतो तेव्हा हातात मिनिटं उरलेली असतात, फार तर काही तास. आठवडाभर आधी कळायला हवं असेल तर अलार्मच्या बऱ्याच खाली बघावं लागतं: याच लोडला, याच व्हॅक्यूमला हा आकडा गेल्या महिन्यात किती होता?

टर्बाइनचं व्हायब्रेशन घ्या. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या मोठ्या स्टीम टर्बाइनला आयएसओ २०८१६-२ प्रमाणे बेअरिंग हाउसिंगवर ७.५ मिमी प्रति सेकंदापर्यंत चालवायला हरकत नसते. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याच मानकातला दुसरा निकष मात्र फार थोड्यांच्या लक्षात असतो: या हद्दीच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त बदल झाला तर तो महत्त्वाचा धरा, मग आकडा हद्दीच्या आत का असेना. म्हणजे २.२ वर स्थिर असलेलं बेअरिंग ४.२ वर गेलं तर अलार्म वाजणार नाही, लॉगशीट हिरवीगार दिसेल, तरीही मशीनमध्ये काहीतरी घडलेलं आहे. आणि हा निकष कमी होण्यालाही लागू आहे. एका बेअरिंगचं व्हायब्रेशन उतरलं आणि शेजारच्याचं चढलं, तर खूश होऊ नका. भार एकावरून दुसऱ्यावर सरकला असण्याची शक्यता जास्त.

नुसत्या एकूण आकड्यावर थांबू नका, फेज मागा, म्हणजे फेरीत कंपनाचं शिखर कोणत्या कोनाला येतं ते. एका क्षणात आकडा आणि फेज दोन्ही उडी मारून नव्या जागी स्थिर झाले, तर ब्लेडचा तुकडा गेल्याचा संशय घ्यायचा. फेज हळूहळू गोल फिरत राहिली तर रोटर कुठेतरी घासतोय. ५० हर्ट्झच्या निम्म्याहून थोडं खाली शिखर दिसलं तर बेअरिंगमधल्या ऑइल फिल्मकडे बघा. फेऱ्यांच्या दुप्पट वारंवारतेचा घटक महिन्यागणिक वाढत असेल तर आधी अलाइनमेंट तपासा. ते ठीक निघालं तर मात्र शाफ्टमधल्या तड्याचा विचार करावाच लागतो, आणि तेव्हा संच बंद करताना फेऱ्या उतरतानाचा आलेख जुन्या आलेखाशेजारी ठेवून बघा. तो जुना आलेख कुणी जपून ठेवलेला नसतो, हे वेगळं सांगायला नको.

बॉयलरकडे वळू, कारण संच बंद पडण्याचं नेहमीचं कारण तिथेच असतं: ट्यूब लीकेज. यात लवकर कळण्याला फार किंमत आहे. फुटलेल्या ट्यूबमधून निघणारी वाफ शेजारच्या ट्यूब कापत जाते. दोन दिवस उशीर झाला की एका ट्यूबचं काम दहा ट्यूबचं होतं. आवाज ऐकणारे अकूस्टिक सेन्सर असतील तर उत्तमच, पण ट्यूबवरची राख-काजळी झाडणारे सूट ब्लोअर चालू असताना ते बिचारे बहिरे होतात. सगळ्यात स्वस्त साधन तुमच्याकडे आधीपासून आहे: डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचा मेकअप, म्हणजे कमी झालेलं पाणी भरून काढायला घातलेलं नवं पाणी. २१० च्या संचाला ताशी सुमारे ७०० टन वाफ लागते. फीड वॉटर आणि स्टीम फ्लोच्या फरकात पाच टनांची गळती दिसत नाही, मीटरच्या चुकीतच ती बुडून जाते. मेकअपमध्ये मात्र ती दिसते, कारण तिथे मूळ आकडाच लहान असतो. अट एकच: ब्लोडाउन (बॉयलरमधलं पाणी मुद्दाम बाहेर सोडणं) बंद, सूट ब्लोइंग बंद आणि हॉटवेल, डीएरेटर, ड्रम या पाणी साठणाऱ्या टाक्यांच्या लेव्हल सुरुवातीला आणि शेवटी सारख्या असताना दोन तासांचा हिशोब काढायचा. रोज एकाच वेळी. सोबत त्याच लोडला आयडी फॅनचे (बॉयलरमधला धूर ओढून घेणाऱ्या पंख्याचे) अँपिअर चढलेत का आणि फ्लू गॅसच्या डाव्या-उजव्या तापमानात फरक पडलाय का, हेही बघा. तिन्ही एकाच दिशेला बोलायला लागले तर लोड डिस्पॅचशी बोलून रात्रीचं शटडाउन मागता येतं. ट्रिप होऊन बंद पडण्यापेक्षा ते केव्हाही परवडतं.

आता सॉफ्टवेअर. ही प्रणाली जुन्या डेटावरून शिकते की अमुक लोड, अमुक हवामान, अमुक कोळसा असेल तर हे बेअरिंग किती तापायला हवं. मग प्रत्यक्ष आकडा आणि अपेक्षित आकडा यांतला फरक दाखवते. कल्पना चांगली आहे, आणि दुपारी सोलरमुळे लोड ५५ टक्क्यांवर उतरवायला लागल्यापासून तर गरजेचीही झाली आहे, कारण दिवसभर हलणाऱ्या लोडवर हातानं तुलना करणं जिकिरीचं असतं. पण विक्रेत्याला तीन गोष्टी जरूर विचारा. शिकवणीच्या डेटात आधीच बिघाड असेल तर? तो बिघाडच ‘नॉर्मल’ ठरतो. ओव्हरहॉलनंतर मॉडेल नव्याने कोण शिकवणार? आणि तुमचा हिस्टोरियन, म्हणजे सगळ्या नोंदी साठवणारा संगणक, डेटा किती दाबून साठवतो? जागा वाचवायला कॉम्प्रेशन इतकं लावलेलं असतं की अर्ध्या अंशाचे बदल साठवलेच जात नाहीत, आणि सुरुवातीचा बिघाड नेमका तेवढाच असतो. पावसाळ्यातला ओला कोळसाही शिकवणीत हवा, नाहीतर जूनपासून कोळसा दळणाऱ्या सगळ्या मिल ‘आजारी’ दिसतील.

सूचना आल्यावर पुढे काय, हा प्रश्न मला सॉफ्टवेअरपेक्षा मोठा वाटतो. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात प्रेशरायझरचा (अणुभट्टीच्या पाण्याचा दाब राखणाऱ्या टाकीचा) रिलीफ व्हॉल्व्ह उघडा राहिला. पॅनेलवरचा दिवा सांगत होता की व्हॉल्व्हला बंद होण्याचा आदेश गेलाय. व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद झाला का, हे तो सांगतच नव्हता. त्याच व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपचं तापमान जास्त दिसत होतं, पण व्हॉल्व्ह आधीपासून थोडा गळत असल्याने ‘ते तर जास्तच असतं’ म्हणून ऑपरेटरांनी सोडून दिलं. व्हॉल्व्ह दोन तासांहून अधिक उघडा होता. आपल्याकडेही प्रत्येक डेस्कवर असे दोन-चार पॉइंट असतात. ‘तो सेन्सर तसाच आहे, साहेब.’ सॉफ्टवेअर बसवण्याआधी या पॉइंटची यादी करून ते दुरुस्त करा. निम्मा फायदा तिथेच मिळेल.

आणि काही बिघाड ऑनलाइन दिसतच नाहीत. १७ ऑगस्ट २००९ ला रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात दोन नंबरच्या टर्बाइनचं कव्हर उडालं, ७५ माणसं गेली. नोंदवलेल्या व्हायब्रेशनबद्दल तज्ज्ञांत नंतर वाद झाला, पण कव्हर धरून ठेवणाऱ्या स्टडबद्दल (बोल्टबद्दल) नाही: तपासलेल्या ४९ पैकी ४१ मध्ये फटीगचे, म्हणजे वारंवार ताण पडून गेलेले, तडे होते. असे तडे संच बंद असताना अल्ट्रासोनिक तपासणीत सापडतात, स्क्रीनवर नाही.

ट्रान्सफॉर्मरचंही तसंच आहे. ऑनलाइन गॅस मॉनिटर जनरेटर ट्रान्सफॉर्मरला जरूर लावा. बाकीच्यांना ठरावीक काळाने तेलाचा नमुना पुरे. तेलात ॲसिटिलीन आला तर आर्किंग (ठिणग्या), इथिलीन वाढला तर तापलेला जोड, नुसता हायड्रोजन असेल तर पार्शल डिस्चार्ज (इन्सुलेशनमधला बारीक विद्युत्स्राव), एवढं ढोबळ लक्षात ठेवा आणि आकड्यापेक्षा वाढीचा वेग बघा. ऑन-लोड टॅप चेंजर (चालू लोडवर व्होल्टेज बदलणारा स्विच) असेल तर त्याचं तेल मुख्य टाकीत झिरपूनही ॲसिटिलीन दिसतो, तेव्हा घाबरण्याआधी ते तपासा. मात्र बुशिंगमधला (टाकीतून तार बाहेर काढणाऱ्या इन्सुलेटरमधला) बिघाड या मॉनिटरला दिसत नाही, कारण बुशिंगचं तेल वेगळं असतं. त्यासाठी प्रत्येक शटडाउनला टॅन डेल्टा (इन्सुलेशन किती खराब झालंय ते दाखवणारा आकडा) आणि कपॅसिटन्स मोजा, मागच्या नोंदीशी ताडून.

तुमचा संच कोणत्या बनावटीचा आहे आणि व्हायब्रेशन मायक्रॉनमध्ये मिळतं की मिमी प्रति सेकंदात, तेवढं लिहा. मग कोणते टॅग, म्हणजे मोजमापाचे पॉइंट, आधी घ्यायचे ते सांगता येईल.