कृष्णधवल पडद्यावर रंग

प्रश्न : जुन्या कृष्णधवल टीव्हीवर रंगीत प्लास्टिक लावत, त्याने चित्र खरंच रंगीत दिसे का? आणि फिरत्या चकतीचा प्रकार काय होता?

उत्तर : नाही. प्लास्टिकवर वर निळा, मध्ये तांबूस आणि खाली हिरवा पट्टा असे. आकाश, माणसं, गवत असं दूरचं दृश्य असलं तरच ते जुळे. चेहरा जवळून दाखवला की कपाळ निळं, हनुवटी हिरवी! शिवाय प्लास्टिक प्रकाश अडवी, त्यामुळे ब्राइटनेस वाढवावा लागे.

चकतीचं तत्त्व मात्र खरोखर देखणं. अमेरिकेत सीबीएस या प्रक्षेपण कंपनीने १९५१ मध्ये त्यावर प्रक्षेपण केलं. लाल, निळी, हिरवी चित्रं एकामागून एक, सेकंदाला १४४ फील्ड (म्हणजे एकाआड एक रेषांची अर्धी चित्रं) या वेगाने येत. कृष्णधवल ट्यूबसमोर सहा फिल्टरांची चकती मिनिटाला १४४० फेरे घेई. रंग डोळ्यांतच मिसळत. चकती कॅमेऱ्यातल्या तशाच चकतीशी जुळली नाही, तर लालाच्या जागी दुसराच रंग येई. वेगाने हलणाऱ्या वस्तूंच्या कडाही रंगीत फुटत. चकतीचा व्यास पडद्याच्या दुपटीहून जास्त लागे, म्हणजे १२ इंची पडद्याला दोन फुटांहून मोठी. मोठा पडदा तिथेच अडला. त्यात चित्रात ४०५ आडव्या रेषा असलेलं हे प्रक्षेपण ५२५ रेषांच्या प्रचलित संचांवर, फेरफार केल्याशिवाय, कृष्णधवलही दिसत नसे. आमच्या मते खरी अडचण तीच.