रक्तातला आकडा मेंदूचा समजू नकोस

चि. मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अल्झायमर या विसरभोळेपणाच्या आजारावरच्या डोनेपेझिल या औषधाबद्दलचा तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण रक्तातलं एन्झाइम मोजून ‘मेंदूतही तेवढाच परिणाम होतो’ असं लिहिलं आहेस, ते वाक्य आधी काढून टाक.

हे औषध असिटिलकोलिनेस्टरेज या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे ते एन्झाइम ज्याला तोडतं ते असिटिलकोलीन, म्हणजे चेतापेशींमधलं निरोप पोचवणारं रसायन, जरा जास्त वेळ टिकतं, एवढं तुला पाठच आहे. आता आकडे बघ. रोज १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या तांबड्या पेशींतलं एन्झाइम सुमारे ७७ टक्के दबतं. पण २००० साली अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूचं पेट स्कॅन करून मोजलं, तेव्हा बाह्यपटलात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, ते सरासरी २७ टक्केच दबलेलं निघालं. तुझा खरा विषय या तफावतीत आहे.

शिवाय कोणतं एन्झाइम, तेही स्पष्ट लिही. आपल्या सोलापूर जिल्ह्यात द्राक्ष-डाळिंबाच्या फवारण्या चालतात, विषबाधेचे रुग्ण येतात, आणि त्यांची ‘सीरम कोलिनेस्टरेज’ तपासणी होते. ती ब्युटिरिलकोलिनेस्टरेज हे दुसरंच भावंड-एन्झाइम मोजते. डोनेपेझिल त्याला फारसं शिवत नाही, रिव्हास्टिग्मिन हे याच आजारावरचं दुसरं औषध मात्र दोन्ही एन्झाइमांना दाबतं. समज, सांगोल्याकडचे एखादे आजोबा रिव्हास्टिग्मिनवर आहेत आणि फवारलेल्या बागेतून येऊन चक्कर येते म्हणतात. आकडा कमी आला, तर तो औषधामुळे की फवाऱ्यामुळे? गोळ्या विचारल्याशिवाय कळणार नाही. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चूक जिवावर बेतू शकते.

एलमन पद्धतीत, म्हणजे रंग किती चढतो त्यावरून एन्झाइमचं काम मोजताना, नमुना पातळ करताना जप. फवारणीतलं ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक एन्झाइमला धरून बसतं, डोनेपेझिल सुटतं. जास्त पातळ केलंस तर औषधाचा परिणाम आहे त्याहून कमी दिसेल.

आणि एन्झाइम दबलं म्हणजे आठवण परत आली, असं कुठेही सुचवू नकोस. असिटिलकोलीन बनवणाऱ्या पेशीच या आजारात मरत जातात, त्या हे औषध परत आणत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या घरी ‘आजी पहिल्यासारख्या होतील का?’ असं विचारलं, तर खरं सांग: काहींना काही काळ थोडा आधार मिळतो. नाडी मंदावते का, भूक जाते का, ते बघ. लघवी आवरायला ऑक्सिब्युटिनिन चालू असेल तर ते असिटिलकोलीनच्या उलट काम करतं, हे त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाल. गोळी बंद करायला मात्र तू सांगू नकोस.

सुधारलेला मसुदा पाठव, आणि त्यात नमुना किती पट पातळ केलास तेही लिही.

तुझा,
सर