युनिकॉर्नची कल्पना भारतातून युरोपात गेली, हे खरे आहे का?

सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर एकशिंगी प्राणी दिसतो, म्हणून युरोपातला युनिकॉर्न मूळचा भारतीय मानावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो बऱ्याच अंशी भारतीय आहे, पण त्याचा पुरावा मुद्रांत नसून एका ग्रीक वैद्याच्या लिखाणात आहे, आणि हा वैद्य भारतात कधी आलाच नव्हता.

इ.स.पू. ४०० च्या सुमारास क्टेसियस हा वैद्य इराणचा सम्राट दुसरा अर्टाझर्क्सीस याच्या दरबारी होता. भारतात घोड्यापेक्षा मोठी रानगाढवे असतात, त्यांचे अंग पांढरे, डोके तांबडे आणि डोळे गडद निळे असतात, कपाळावरचे शिंग बुडाशी पांढरे, मध्ये काळे आणि टोकाला लालभडक असते, आणि त्या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्याला विष बाधत नाही, असे त्याने लिहून ठेवले. या प्राण्याच्या घोट्याचे हाड मात्र आपण स्वतः पाहिल्याचे तो सांगतो. ते शिशासारखे जड आणि आतबाहेर हिंगुळासारखे लाल होते म्हणे. सगळ्या ऐकीव वर्णनात डोळ्यांनी पाहिलेली वस्तू ही एवढीच, आणि तीही कोणी रंगवून त्याच्या गळ्यात मारली असावी, अशी मला दाट शंका आहे.

विष ओळखणारे किंवा उतरवणारे शिंग म्हणून आशियात गेंड्याच्याच शिंगाची ख्याती होती, त्यामुळे क्टेसियसच्या गाढवात गेंडा मिसळला आहे, हे बहुतेक अभ्यासकांचे मत मला पटते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने सुमात्रात गेंडा पाहिला, त्याला युनिकॉर्नच समजला, आणि युरोपातल्या दंतकथेत युनिकॉर्न कुमारिकेच्या मांडीवर डोके ठेवतो, पण चिखलात लोळणारे हे कुरूप जनावर तसे करील असे मुळीच दिसत नाही, अशी तक्रार नोंदवली.

मुद्रांबद्दल थोडे सविस्तर सांगतो. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्या काचेपलीकडून पाहताना प्रथम जाणवतो तो त्यांचा लहानपणा, कारण बहुतेक मुद्रा मोठ्या टपाल तिकिटाएवढ्याच आहेत. प्राण्याचे धड बैलाचे, शिंग पुढे झुकून वर वळलेले, आणि तोंडासमोर दांड्यावर ठेवलेले एक पात्र असते. दोन शिंगे बाजूने पाहिल्यामुळे एकच दिसते, हा खुलासा मला अपुरा वाटतो, कारण एकशिंगी मातीच्या मूर्तीही सापडल्या आहेत. हा गेंडाही नव्हे, कारण त्याच कारागिरांनी कातडीच्या घड्यांसह खरा गेंडा वेगळ्या मुद्रांवर कोरला आहे. शिवाय या मुद्रा क्टेसियसच्या काळी हजाराहून अधिक वर्षे मातीखाली होत्या.

युरोपीय चित्रांतले लांब, पिळाचे शिंग मात्र भारताचे नव्हे. तो उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातील नारव्हाल या देवमाशाचा दात आहे, आणि तो कधीकधी जवळजवळ तीन मीटर वाढतो. युरोपातील राजेरजवाडे विषाच्या भीतीपोटी हे दात प्रचंड किमतीला विकत घेत. ही शिंगे नसून नारव्हालचे दात आहेत, हे डेन्मार्कच्या ओले वर्म याने १६३८ मध्ये दाखवून दिले, तरीही त्याच शतकात डेन्मार्कच्या राजांसाठी याच दातांचे सिंहासन घडवण्यात आले आणि ते आजही कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग राजवाड्यात आहे.