नळदुर्गचं काडतूस आणि ऑनलाइन विकायला आलेला बिल्ला

दादा, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, आजोबांच्या ट्रंकेतलं पितळी काडतूस नळदुर्गच्या लढाईतलं आहे का, आणि ऑनलाइन एकजण 1948 च्या, म्हणजे भारतानं लष्कर पाठवून निजामाचं हैदराबाद संस्थान घेतलं त्या, पोलीस अॅक्शनमधला निजामी फौजेचा ओरिजिनल बिल्ला म्हणून विकतोय तो घ्यावा का. बिल्ला घेऊ नका. कुणाकडून आला, कुठं सापडला याचा एक चिटोराही तो देत नाही म्हणल्यावर पैसे कशाचे द्यायचे? असले बिल्ले आजही नव्यानं पाडतात, ॲसिड लावून जुने करतात, आणि फोटोवरून तर कुणाच्या बापालाही कळत नाही.

आता काडतूस. आधी बघा पुढं गोळी आहे का. असली तर हात लावू नका, सरळ पोलीस स्टेशनला कळवा, आजोबांची आठवण वगैरे ठीक आहे पण लायसन्सशिवाय जिवंत काडतूस घरात ठेवणं हा आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे. रिकामं असेल तर बूड उजेडात धरा, मधल्या टोपीवर पिनचा खड्डा दिसेल म्हणजे उडालेलं आहे, आणि कडेला के, बाण, एफ असं कोरलेलं असलं तर ते आपल्या खडकीच्या कारखान्याचं, पॉइंट थ्री नॉट थ्री रायफलीचं. शेजारी साल असतं. साल 1948 च्या नंतरचं निघालं तर विषयच संपला. आधीचं असलं तरी ते कुणी झाडलं हे कळत नाही, कारण ही रायफल भारतीय जवानांकडंही होती आन निजामाच्या फौजेकडंही होती.

नळदुर्गला काय झालं ते मात्र कागदावर आहे. 13 सप्टेंबर 1948 ला पहाटे भारतीय लष्कराची ‘2 शीख’ नावाची पलटण सोलापूरकडून नळदुर्गवर निघाली होती, समोरून शत्रूच्या दोन गाड्या आल्या, पलटणीतले हवालदार बचित्तर सिंग गोळीबारातून धावत गेले आणि गाड्या माणसांसकट पकडल्या. नंतर एका एलएमजीनं, म्हणजे हलक्या मशीनगननं, त्यांची तुकडी अडवली तर हे परत पुढं, तीसेक यार्डावर मांडीत गोळ्या लागल्या, पडले, तसेच सरपटत जाऊन दोन ग्रेनेड टाकून ती पोस्ट गप केली. तिथंच गेले. मरणोत्तर अशोक चक्र, तेव्हा त्याला वर्ग 1 म्हणायचे. आपल्याकडं 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, दरवर्षी झेंडावंदन होतं पण पंजाबच्या या माणसाचं नाव किती पोरांना माहितीय?

आणि निजामाच्या फौजेचा बिल्ला म्हणजे रझाकाराचाच, असं तुमच्या पोस्टखाली कमेंटमधे एकानं ठोकून दिलंय ते चूक. रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूची खासगी सशस्त्र संघटना, ती वेगळी, आणि संस्थानाची पगारी फौज वेगळी. 1965 च्या पाकिस्तानविरुद्धच्या लढाईत चविंड्याच्या आघाडीवर भारताच्या पूना हॉर्स रेजिमेंटचे रणगाडे घेऊन लढताना गेलेले परमवीर चक्र लेफ्टनंट कर्नल तारापोर, त्यांची सुरुवात हैदराबाद संस्थानाच्याच फौजेत झालेली.

एक राहिलं, मेटल डिटेक्टर घेऊन किल्ल्यात शोधायचं डोक्यातून काढा. संरक्षित जागा आहे, केस अंगाशी येईल, वर गुप्तधनवाले समजून गावकरी धरतील ते वेगळंच.

ट्रंकेत पासबुक, डिस्चार्ज कागद, खाकी पाकिटातली पत्रं असलं काही असेल तर आधी त्याचे फोटो टाका, काडतुसापेक्षा त्यातून जास्त निघेल. आणि आजी असतील तर त्यांना विचारून आवाज रेकॉर्ड करून ठेवा, या दिवाळीलाच.