जुनी शिक्षा आणि चांगुलपणाचे साक्षीदार

प्रश्न : शेजाऱ्याचा हात मोडल्याच्या आरोपावरून २०२५ मध्ये माझ्यावर गुन्हा दाखल झाला. भांडण झालं हे खरं, पण तो पायरीवरून पडला. २०१६ मध्ये दुसऱ्याच एकाला मारहाण केल्याबद्दल मला दंड झाला होता. ते आता कोर्टात काढतील का? मी शांत माणूस आहे असं सांगायला पाच प्रतिष्ठित लोक तयार आहेत.

उत्तर : मला धास्ती वाटते ती त्या पाच जणांचीच.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ४९ नुसार (जुन्या कायद्यात कलम ५४) आरोपीचं पूर्वीचं वाईट चारित्र्य फौजदारी खटल्यात गैरलागू असतं. तेव्हा मारलं म्हणून आताही मारलं असेल, असा तर्क कोर्टाने करायचा नसतो. हा नियम मला मनापासून पटतो. नाहीतर एकदा शिक्षा झालेला माणूस पुढच्या प्रत्येक आरोपात अर्धा दोषी ठरूनच पिंजऱ्यात उभा राहील.

पण अपवाद त्याच कलमात आहे. तुमच्या बाजूने चांगल्या चारित्र्याचा पुरावा आला, की त्याला उत्तर म्हणून सरकारी पक्ष वाईट चारित्र्य दाखवू शकतो, आणि जुनी दोषसिद्धी त्यासाठी चालते. पहिल्याच साक्षीदाराने ‘यांनी कधी कुणावर हात उचलला नाही’ म्हटलं, की सरकारी वकील २०१६ च्या निकालाची प्रमाणित प्रत काढतील. फिर्यादीच्या उलटतपासात तुमच्या वकिलांनी ‘आरोपी शांत स्वभावाचे आहेत ना?’ असं विचारून होकार मिळवला, तरी हाच धोका. म्हणून जुन्या शिक्षेबद्दल त्यांना आजच सांगा. पक्षकार लाजेपोटी हे लपवतात आणि वकिलाला ते भर कोर्टात कळतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

२०१६ मध्ये मार खाणारा हाच शेजारी असता, तर जुनं वैर किंवा हेतू दाखवण्यासाठी तो प्रसंग पुढे आणता आला असता. तुमच्या बाबतीत माणूसच वेगळा आहे. दोषी ठरलात तर मात्र शिक्षेच्या सुनावणीत तो विषय निघेल.

खरी लढत डॉक्टरांच्या साक्षीत आहे. पडताना हात टेकल्याने असं हाड मोडू शकतं का, हे त्यांना नीट विचारलं गेलं पाहिजे. पाचांपैकी कुणी तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला असेल, तर त्यालाच बोलवा. त्याने पायरीवर काय घडलं तेवढंच सांगावं, तुमच्या स्वभावाबद्दल चकार शब्द काढू नये.