१० वॅटच्या अ‍ॅम्पला स्वस्त पेडल जोडून आवाज सुधारतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही परभणीला राहता, घरी गिटारच्या सरावात आवाज मोठा करण्यासाठी १० वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आहे, त्याचा क्लीन, म्हणजे न फाटलेला, आवाज पातळ लागतो आणि आवाज मुद्दाम फाडणारा गेन चॅनल चालू केला की नुसती कर्कश घरघर ऐकू येते; नवा अ‍ॅम्प घेणे सध्या परवडणार नाही, तेव्हा दोन-चार हजारांच्या पेडलने (गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये जोडून पायाने चालू-बंद करायच्या, आवाजाचा रंग बदलणाऱ्या डब्याने) काम भागेल का, आणि भागणार असेल तर आधी कोणते घ्यावे. काम भागेल, पण त्यासाठी या अ‍ॅम्पकडून डिस्टॉर्शनची, म्हणजे फाटक्या आवाजाची, अपेक्षा सोडून द्यावी लागेल. त्याने फक्त आवाज मोठा करायचा आणि सुराचा रंग अ‍ॅम्पच्या आधी, पेडलमध्ये घडवायचा. मी लातूरला राहतो, लग्नसराईत आणि गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो आणि घरी अशाच छोट्या अ‍ॅम्पवर सराव करतो. पुढचे सगळे त्या अनुभवावरून लिहीत आहे.

छोट्या अ‍ॅम्पचा गेन चॅनल कर्कश का लागतो, हे आधी समजून घेतलेले बरे. ट्यूबच्या (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या) अ‍ॅम्पला जास्त सिग्नल दिला तर ध्वनितरंगाचा माथा हळूहळू दबत जातो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पमध्ये मर्यादा संपली की तोच माथा एकदम सपाट कापला जातो आणि त्यातून कानाला टोचणारे वरचे स्वर निघतात. इंटरनेटवर ‘ड्राइव्ह शून्यावर ठेवा आणि लेव्हल पूर्ण वाढवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो (ड्राइव्ह म्हणजे पेडल आवाज किती फाडते, लेव्हल म्हणजे तो किती मोठा करून पुढे देते). तो ट्यूबच्या अ‍ॅम्पला धक्का देण्यासाठी आहे. तुमच्या अ‍ॅम्पवर नेमके उलटे करायचे: क्लीन चॅनल निवडा, गेन कमी ठेवा, पेडलचा ड्राइव्ह घड्याळातल्या दहा-अकराच्या जागी आणा आणि लेव्हल इतकीच ठेवा की पेडल चालू-बंद केल्यावर आवाज लहान-मोठा होणार नाही. या शेवटच्या गोष्टीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. जो आवाज मोठा तो कानाला चांगला वाटतो, त्यामुळे लेव्हल जुळवल्याशिवाय कोणत्याही पेडलची खरी पारख होत नाही.

स्वस्त पेडल म्हणजे हलका माल, असे समजण्याचे कारण नाही. इबानेझचे ओव्हरड्राइव्ह (सौम्य फाटक्या आवाजाचे) पेडल ट्यूब स्क्रीमर टीएस८०८ हे १९७९ च्या सुमाराचे आणि बॉसचे डिस्टॉर्शन पेडल डीएस-१ हे १९७८ चे; दोन्हींची सर्किटे मोजक्या भागांची आहेत आणि जगभर त्यांच्या नकला निघतात. बेहरिंगरचे टीओ८०० आणि जोयोचे व्हिंटेज ओव्हरड्राइव्ह ही दोन्ही ट्यूब स्क्रीमरच्याच घराण्यातली पेडले आहेत. बेहरिंगरचा डबा प्लास्टिकचा असतो, त्यामुळे रोज रंगमंचावर पायाखाली घालायचे असेल तर मी धातूच्या डब्याचे घेईन. घरच्या सरावाला प्लास्टिक पुरते. तुमच्या अ‍ॅम्पसाठी हे घराणे सोयीचे आहे, कारण त्यात तरंग कापणारे डायोड ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये, म्हणजे बाहेर पडलेला सिग्नल पुन्हा आत आणणाऱ्या वाटेत, बसवलेले असतात, त्यामुळे कापलेल्या तरंगात मूळ सिग्नलही मिसळलेला राहतो आणि धार बोथट होते. शिवाय सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या स्वरांना ड्राइव्ह कमी मिळतो, म्हणून जाड तारांचा चिखल होत नाही. डीएस-१ मध्ये तेच डायोड सिग्नलला थेट ग्राउंडकडे कापतात. तो आवाज जास्त आक्रमक असतो, आणि लहान स्पीकरवर त्याचा टोन नॉब बराच मागे घ्यावा लागतो.

तरीही तुमच्या जागी मी असतो, तर ओव्हरड्राइव्हच्या आधी नाही तरी त्याच्याबरोबरच सात पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर (खालचे, मधले, वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करणारे पेडल) घेतला असता. हे पेडल कोणाला मिरवता येत नाही, म्हणून ते मागे पडते. बॉसच्या जीई-७ मध्ये १००, २००, ४००, ८००, १६००, ३२०० आणि ६४०० हर्ट्झ अशा पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टी १५ डेसिबलपर्यंत वर-खाली होते. बेहरिंगरचा ईक्यू७०० हा त्याच धर्तीचा स्वस्त पर्याय आहे. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झचा स्वर निघतो, आणि १० वॅटच्या अ‍ॅम्पमधला सहा-आठ इंची स्पीकर तो धडपणे उमटवूच शकत नाही. त्यातच शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आपण हळू आवाजात वाजवतो, आणि हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे स्वर मुळातच कमी ऐकू येतात; फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. परिणामी आवाज पातळ वाटतो, आपण बेस पूर्ण वाढवतो, आणि स्पीकरचा कागद फडफडू लागतो. अ‍ॅम्पची सगळी ताकद न उमटणाऱ्या स्वरावर खर्च होते.

म्हणून इक्वलायझर ओव्हरड्राइव्हच्या नंतर लावा आणि १०० ची पट्टी चक्क खाली ओढा. आवाज आणखी पातळ होईल अशी भीती वाटते, पण प्रत्यक्षात स्पीकर मोकळा होतो आणि व्हॉल्यूम थोडा वाढवायला वाव मिळतो. मग ८०० ची पट्टी तीन-चार डेसिबल वर घ्या, कारण गिटारचे अंग त्याच भागात असते. डब्यातून बोलल्यासारखा आवाज येत असेल तर ४०० थोडी कमी करा, आणि ड्राइव्हची सळसळ टोचत असेल तर ६४०० खाली आणा. मधले स्वर पूर्ण काढून बेस आणि ट्रेबल वाढवण्याची नवशिक्यांची जी आवड असते, ती खोलीत एकट्याने वाजवताना झकास वाटते. ढोलकी आणि कीबोर्ड सुरू झाले की ती गिटार कुणाला ऐकूच येत नाही.

डिले (प्रतिध्वनी) किंवा रिव्हर्ब (खोलीतल्यासारखी घुमक) देणारे पेडल नंतर कधीही घेता येईल. पुष्कळ स्वस्त डिले पेडलांत पीटी२३९९ नावाची चिप असते. ती मुळात कराओके यंत्रांतल्या एकोसाठी बनवलेली आहे. तिचा डिले लांबवला की खरखर वाढते, म्हणून तो आखूड ठेवावा. अगदी थोडा डिले ड्राइव्हनंतर लावला तर छोटा अ‍ॅम्प मोठ्या खोलीत ठेवल्यासारखा भासतो.

विजेकडे मात्र दुर्लक्ष करू नका. आपल्या भागात निम्मी गाऱ्हाणी पेडलची नसून विजेची असतात. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतात आणि प्लगची आतली पिन ऋण असते, तर राउटरचे किंवा सीसीटीव्हीचे अडॅप्टर साधारणतः १२ व्होल्टचे असतात आणि त्यांची आतली पिन धन असते. प्लग बसतो म्हणून ते लावले तर पेडल जळू शकते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा, बाजूला व्होल्टेजचा सरकता खटका असलेला बॅटरी एलिमिनेटरही टाळा: त्यात रेग्युलेशन, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवण्याची सोय, नसल्यामुळे कमी भारावर ९ च्या जागी बरेच जास्त व्होल्ट येतात आणि वर गुणगुण येते ती वेगळीच. गुणगुण कुठून येते हे ओळखायचे असेल तर पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहा. ती थांबली तर दोष अडॅप्टरचा आहे. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवताना अ‍ॅम्प अचानक भुंग्यासारखा वाजू लागला, तर तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असण्याची शक्यता मोठी आहे. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर असे सहसा होत नाही. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेला अर्थिंगच नसते, ते एकदा वायरमनकडून तपासून घ्या. गुणगुण घालवण्यासाठी अ‍ॅम्पची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका, कारण गिटारच्या तारा त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि त्यांवर तुमचा हात असतो.

दुकानाचे म्हणाल तर आपल्याकडच्या वाद्यांच्या दुकानांत हार्मोनियम, तबला आणि अकूस्टिक गिटार यांचाच भरणा असतो, म्हणून पेडल बहुधा ऑनलाइन मागवावे लागेल किंवा पुण्याला जावे लागेल. पुण्याला गेलात तर आपली गिटार सोबत न्या आणि दुकानदाराला सर्वांत लहान अ‍ॅम्पवरच पेडल लावून दाखवायला सांगा. बारा इंची स्पीकरच्या मोठ्या अ‍ॅम्पवर कोणतेही पेडल छानच वाजते. पेडल मागवण्याआधी नव्या तारांचा एक संच चढवा, कारण गंजलेल्या तारांचा मंद आवाज कोणतेच पेडल उजळवू शकत नाही.

एका मर्यादेची कल्पना असू द्या. यातल्या कोणत्याही पेडलने १० वॅटचा अ‍ॅम्प ड्रमसेटसमोर टिकणार नाही. मंडळाच्या रंगमंचावर वाजवायची वेळ आली, तर स्पीकर कॅबिनेटचे सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) असलेले एखादे साधे मल्टिइफेक्ट (अनेक पेडलांचे काम करणारे एकच यंत्र), उदाहरणार्थ झूमचे जी१ फोर, घेऊन साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये थेट लाइन द्या. नुसते ओव्हरड्राइव्ह पेडल मिक्सरला जोडले तर मुंग्या चावल्यासारखा आवाज येतो, कारण वरची सळसळ गाळण्याचे काम एरवी गिटारचा स्पीकर करत असतो. तेच मल्टिइफेक्ट घरी अ‍ॅम्पच्या गिटार इनपुटला जोडताना सिम्युलेशन बंद करायला विसरू नका, नाहीतर आवाज दोनदा गाळला जाऊन गोधडीखालून आल्यासारखा लागेल.